एक रुपयाच्या नोटेमागचं तेल : बॉम्बे हाय ते उरण

 

नेहमीप्रमाणे हा आजच्या भागाचा लिखित मजकूर. एसटीत घाटात रेंज गेली किंवा ऑफिसच्या मीटिंगमध्ये इअरफोन घालता येत नसला, तर वाचून काढा. बोललो तसंच ठेवलंय, फक्त 'म्हणजे' आणि 'बघा' जरा कमी केलेत. नवीन आला असाल तर ओळख सांगतो. मी मूळचा हुपरीचा. कोल्हापूर जिल्हा, चांदीचं गाव. पोटापाण्यासाठी नवी मुंबईत सॉफ्टवेअरचं काम करतो आणि सुट्टीच्या दिवशी इतिहासाच्या मागं लागतो.

आजची गोष्ट लग्नाच्या पाकिटातून सुरू होते.

मागं चुलत बहिणीच्या लग्नाला गावी गेलो होतो. घरात शिकलेला म्हणून आहेराची पाकिटं लिहायचं काम माझ्या गळ्यात. पाचशेएक, हजारएक, असं चाललेलं. वरचा एक रुपया कमी पडायला लागला, तेव्हा आज्जीनं ट्रंकेच्या तळातून एक रुपयाच्या कोऱ्या नोटांची गड्डी काढली. मी म्हटलं, "आज्जी, आता पाकिटावर नाणं चिकटवलेलंच मिळतं की." आज्जी म्हणाली, "नाणं ऱ्हाऊ दे. नोट बरी दिसती. घाल."

मी एक नोट उलटी केली. मागं चित्र होतं, समुद्रात पाय रोवून उभं असलेलं एक पोलादी धूड. आज्जीला विचारलं, हे काय? "कसली तरी फॅक्टरी आसंल." धाकटा भाऊ म्हणाला, पवनचक्की. अण्णा, म्हणजे माझे वडील, चष्मा वर करून म्हणाले, "जहाज दिसतंय." आणि खरं सांगतो, बीटेक झालेल्या मलाही माहीत नव्हतं. बाजूला जाऊन मोबाइलवर शोधलं.

त्या धुडाचं नाव 'सागर सम्राट'.

ही एक रुपयाची नोट तशी वेगळीच चीज आहे. बाकी नोटा रिझर्व्ह बँक काढते, ही मात्र भारत सरकार काढतं, आणि तिच्यावर सही असते वित्त सचिवांची. १९९४ मध्ये तिची छपाई थांबली होती, २०१५ मध्ये पुन्हा सुरू झाली. पुन्हा छापली तेव्हाही मागं सागर सम्राट होताच. म्हणजे देशाला त्या यंत्राचं एवढं कौतुक का वाटलं असेल, हा पहिला प्रश्न. आणि दुसरा प्रश्न मला नंतर सुचला, तो शेवटाकडं सांगतो.

चला, १९७३ मध्ये जाऊ.

त्या वर्षी ऑक्टोबरात अरब देश आणि इस्रायल यांच्यात युद्ध पेटलं. अरब देशांनी तेलाचा नळ आवळला. तीन डॉलरच्या आसपास असलेलं तेलाचं पिंप काही महिन्यांत बारा डॉलरच्या घरात गेलं. एक पिंप म्हणजे साधारण १५९ लिटर. तेव्हा भारत आपल्या गरजेचं जवळजवळ दोन तृतीयांश तेल बाहेरून आणत होता. म्हणजे घरात धान्य नाही आणि दुकानदारानं भाव एकदम चौपट केला, अशी गत. पेट्रोलच्या दरवाढीचा निषेध म्हणून अटलबिहारी वाजपेयी त्या नोव्हेंबरात चक्क बैलगाडीतून संसदेत गेले होते.

आता मजा बघा. ज्या वेळी दिल्लीत बैलगाड्या निघत होत्या, त्याच सुमाराला मुंबईच्या पश्चिमेला समुद्रात भोक पाडायची तयारी चालली होती.

ही तयारी एका दिवसाची नव्हती. तेल शोधणारी आपली सरकारी संस्था, ओएनजीसी, १९५६ मध्ये उभी राहिली. केशवदेव मालवीय हे तिच्यामागचे नेते. परदेशी कंपन्या तेव्हा म्हणत, भारतात शोधण्यासारखं फारसं तेलच नाही. मग सोव्हिएत रशियाची मदत घेतली. १९६० मध्ये गुजरातेत अंकलेश्वरला तेल मिळालं. पुढं रशियन जहाजानं आपल्या पश्चिम किनाऱ्यालगतच्या समुद्राची पाहणी केली. पाण्यात धमाका करायचा, त्याचा आवाज समुद्रतळाखालच्या खडकांवर आपटून परत येतो, तो नोंदवायचा आणि त्यावरून खालच्या थरांचा आकार काढायचा. डॉक्टर सोनोग्राफी करतात ना, त्याच जातीचं काम. त्यात मुंबईपासून सुमारे १६० किलोमीटरवर, समुद्रतळाखाली खडकांचा एक भलामोठा उंचवटा दिसला. त्या उंचवट्याला भूगर्भशास्त्रात 'हाय' म्हणतात, म्हणून नाव पडलं 'बॉम्बे हाय'. मी इतकी वर्षं समजत होतो की 'हाय' म्हणजे भारी काहीतरी!

पण खोल समुद्रात विहीर खणायला यंत्र हवं. ते जपानच्या मित्सुबिशी कंपनीनं हिरोशिमात बांधून दिलं. तेच आपलं सागर सम्राट. हे धूड तरंगत जागेवर जातं, मग पोलादी पाय खाली सोडून समुद्रतळावर टेकवतं आणि स्वतःला पाण्याच्या वर उचलून घेतं. तिथं पाणी सुमारे ७५ मीटर खोल. फेब्रुवारी १९७४ मध्ये या यंत्रानं बॉम्बे हायच्या पहिल्याच विहिरीत तेल लावलं. पहिल्याच! २१ मे १९७६ ला तिथून तेल काढायला सुरुवात झाली.

इथपर्यंतची गोष्ट सगळीकडं सापडते. व्हिडिओत, स्पर्धा परीक्षेच्या पुस्तकात, नोटेवर. पण आम्हा सॉफ्टवेअरवाल्यांना एक गोष्ट अनुभवानं माहीत असते. डेमोला टाळ्या पडतात, खरी कटकट पुढं सुरू होते. तेल सापडलं, झकास. पण ते १६० किलोमीटर आत समुद्रात आहे. किनाऱ्यावर आणायचं कसं? आणलं तर उतरवायचं कुठं?

सुरुवातीला समुद्रात तरंगत्या बोयाला टँकर बांधायचे आणि त्यांत तेल भरायचं. पण आपला पावसाळा तुम्हाला माहीत आहे. जून ते सप्टेंबर अरबी समुद्र खवळलेला असतो, त्यात टँकर बांधून भरणं म्हणजे चालत्या ट्रॅक्टरवर उभं राहून चहा गाळण्यासारखं. म्हणून समुद्रतळावरून दोन नळ घातले गेले. तेलाचा ३० इंची, वायूचा २६ इंची, सुमारे २०० किलोमीटर लांब. १९७८ मध्ये ते सुरू झाले, आणि ते जिथं जमिनीवर आले ते गाव म्हणजे उरण.

उरणच का? नकाशा उघडा. मुंबई बंदराच्या पलीकडच्या काठावर उरण. समोर खाडीपल्याड ट्रॉम्बे. तिथं १९५०च्या दशकातच दोन तेलशुद्धीकरण कारखाने उभे राहिले होते, एक एस्सोचा, एक बर्मा शेलचा. परदेशातून येणाऱ्या तेलासाठी बांधलेले हे कारखाने १९७०च्या दशकात सरकारनं ताब्यात घेतले. त्यांचीच आजची नावं हिंदुस्तान पेट्रोलियम आणि भारत पेट्रोलियम. म्हणजे गिऱ्हाईक खाडीपलीकडं तयार, आणि तेल उतरवायला अलीकडं जागा.

उरणला मुंबईसाठी राबायची सवय जुनीच. भात आणि मासळी तर होतीच. मिठागरं होती. आणि इंग्रजांच्या काळात इथं मोहाच्या दारूच्या भट्ट्या होत्या, त्यांची दारू मुंबईला जायची. भट्टीत मोहाचा अर्क वेगळा काढणारं गाव शंभरेक वर्षांनी खनिज तेलातून वायू वेगळा काढायला लागलं. योगायोगच, पण मला आवडला.

आता उरणच्या प्रकल्पात नेमकं होतं काय, ते सोप्यात सांगतो, कारण इथूनच गोष्ट आपल्या हुपरीपर्यंत येते.

विहिरीतून निघणारं तेल म्हणजे बाटलीतलं स्वच्छ तेल नव्हे. त्यात पाणी असतं, मीठ असतं, आणि सोड्याच्या बाटलीत असतो तसा विरघळलेला वायू असतो. ते तसंच टाकीत भरलं तर वायू सुटत राहणार, आणि ठिणगी पडली की संपलं. म्हणून उरणला आधी तो वायू काढून तेल शांत करतात, मग ते पुढं ट्रॉम्बेला जातं. वायूच्या नळातूनही वायूसोबत मधेमधे द्रवाचे लोंढे येतात. ते पकडायला आडव्या नळांचा मोठा सांगाडाच बांधलेला असतो. मग वायूतला विषारी गंधकाचा भाग काढायचा. मग तो थंड करून त्याचे वेगवेगळे घटक सुटे करायचे. त्यातले प्रोपेन आणि ब्युटेन एकत्र करून दाबाखाली भरले की झाला आपला एलपीजी. घरातल्या सिलिंडरमधला गॅस.

हा वायू सुरुवातीला फार वाया गेला. तेलासोबत तो निघणारच, पण घ्यायला कोणी नसलं तर समुद्रातच जाळून टाकावा लागतो. म्हणून १९८०च्या दशकात उरणच्या आसपास वायू वापरणारे प्रकल्प उभे राहिले. १९८२ मध्ये राज्य वीज मंडळानं उरणलाच वायूवर चालणारं वीज केंद्र सुरू केलं. १९८५ मध्ये अलिबागजवळ थळला राष्ट्रीय केमिकल्स अँड फर्टिलायझर्सचा, म्हणजे आरसीएफचा, युरियाचा कारखाना सुरू झाला. पुढं नागोठण्याला प्लास्टिकचा कच्चा माल बनवणारा प्रकल्प आला, त्यालाही माल उरणचा. नंतर मुंबईच्या टॅक्सी-रिक्षांना सीएनजी मिळाला, त्यातही या वायूचा वाटा.

आता हुपरी. आमच्याकडं समुद्र नाही. आमचा समुद्र म्हणजे रंकाळा, आणि तोही कोल्हापुरात. पण हुपरीत दोन गोष्टी चालतात, चांदी आणि ऊस.

ऊस आधी घेऊ. आमच्या शेजारच्या काकांच्या गोठ्यात युरियाची रिकामी पोती हांतरलेली असायची, त्यावर मोठ्ठं लिहिलेलं 'उज्ज्वला'. हा आरसीएफचा युरिया. युरियातलं नत्र हवेतनं येतं, पण ते पकडायला लागणारा हायड्रोजन नैसर्गिक वायूतनं काढतात. म्हणजे थळचा कारखाना सुरू झाला तेव्हापासून बॉम्बे हायचा वायू पोत्यात बसून उसाच्या फडात जायला लागला होता. आमच्या चहातल्या साखरेत समुद्राच्या तळाचा अंश. हे कळलं तेव्हा मी काकांना फोन करून सांगितलं. काका म्हणाले, "व्हय रं, पण दर कधी कमी हुणार ते बघ की तेवढं."

आता चांदी. माझे आजोबा पैंजणाच्या कड्या झाळायचे. झाळणं म्हणजे दोन टोकं डागानं जोडणं. त्यांच्या काळात समोर दिवा, तोंडात फुंकणी. ज्योतीवर फुंकर मारून ती बारीक आणि टोकदार करायची आणि बरोब्बर सांध्यावर धरायची. दिवसभर. आज्जी सांगते, संध्याकाळी त्यांना बोलायलाही दम नसायचा, गाल आत गेलेले. अण्णांनी धंदा हातात घेतला तेव्हा गॅस आला. नळी, टॉर्च, निळी ज्योत. अण्णा आजही म्हणतात, "गॅस आला आन् छाती वाचली."

घरातही तेच. आज्जीचा स्वयंपाक आधी चुलीवर, मग रॉकेलच्या स्टोव्हवर. गॅसच्या कनेक्शनसाठी नाव नोंदवायचं आणि वर्षानुवर्षं वाट बघायची. 'आमचा गॅसचा नंबर लागला' ही तेव्हा पेढे वाटायची बातमी होती. आमच्या सिलिंडरमधला गॅस उरणचाच होता असा दावा मी करणार नाही. आज तर देशातला निम्म्याहून जास्त एलपीजी बाहेरून येतो. पण देशात गॅस घरोघर पोचायला लागला, त्यात बॉम्बे हाय आणि उरणचा हातभार मोठा होता, एवढं नक्की.

इथपर्यंत संशोधन झाल्यावर मी ठरवलं, उरणला जाऊन यायचं. राहतो नवी मुंबईत, आणि आता तर जानेवारी २०२४ पासून उरणपर्यंत लोकल जाते. रविवारी सकाळी नेरुळहून गाडीत बसलो. पीरवाडीच्या किनाऱ्यावर गेलो. एका बाजूला समुद्र, पोरं क्रिकेट खेळतायत, भेळेच्या गाड्या, आणि पलीकडं प्रकल्पाच्या चिमणीच्या टोकावर ज्योत. दिवसाढवळ्या. मी बराच वेळ तिच्याकडं बघत उभा होतो. घरच्या टॉर्चची ज्योत आणि ही ज्योत एका कुळातली, एवढंच डोक्यात फिरत होतं.

तिथं जाळं विणत बसलेल्या एका मामांशी बोललो. मी उत्साहानं सागर सम्राटची गोष्ट सांगितली. नोट दाखवली. त्यांनी नोट हातात घेतली, बघितली, परत दिली. म्हणाले, चित्र चांगलंय. मग म्हणाले की त्या यंत्रांच्या जवळ आम्हाला होडी नेता येत नाही. खरंच आहे, समुद्रातल्या अशा प्रत्येक यंत्राभोवती ५०० मीटरचं सुरक्षा कडं असतं, आत मासेमारीला बंदी. आणि मग ते जमिनीबद्दल बोलायला लागले.

तेव्हा मला दुसरा प्रश्न सुचला. नोटेवर समुद्रातलं यंत्र आहे. किनारा कुठंय?

उरणच्या जमिनीची गोष्ट एकट्या तेलाची नाही, हे आधी स्पष्ट सांगतो. १९७०च्या दशकात नवी मुंबई वसवायला ठाणे, पनवेल आणि उरण भागातल्या ९५ गावांची जमीन घ्यायचं ठरलं. ते काम सिडकोकडं. त्याच भागात तेलाचा प्रकल्प, वीज केंद्र, आणि १९८९ मध्ये सुरू झालेलं न्हावा-शेवा बंदर. एकावर एक. भावाच्या प्रश्नावर शेतकरी उठले. त्यांचे नेते दि. बा. पाटील, उरण तालुक्यातल्या जासईचे. १६ आणि १७ जानेवारी १९८४ ला गोळीबार झाला, पाच शेतकरी मेले. त्या लढ्यातूनच पुढं घेतलेल्या जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित जमीन मालकाला परत द्यायची योजना आली. नव्या विमानतळाला ज्या दि. बां.चं नाव द्यायची मागणी झाली, ते हेच. पण बंदरासाठी उठवलेल्या शेवा कोळीवाड्यातल्या कुटुंबांचा पुनर्वसनाचा प्रश्न चाळीस वर्षं होत आली तरी लोंबकळतोय. मी ऑफिसला जातो ती जमीनही त्या ९५ गावांचीच. रोज ये-जा करून हे मला माहीत नव्हतं, याची लाज वाटली.

आणि किंमत फक्त जमिनीची नाही.

२७ जुलै २००५. आदल्या दिवशी मुंबई पाण्यात बुडालेली, सगळ्यांचं लक्ष तिकडं. समुद्रात 'समुद्र सुरक्षा' नावाच्या जहाजावर एका आचाऱ्याची बोटं कापली. उपचारासाठी त्याला बॉम्बे हाय नॉर्थ या प्लॅटफॉर्मवर न्यायचं होतं. हवा खराब, हेलिकॉप्टर नाही. म्हणून जहाजच प्लॅटफॉर्मजवळ नेलं. लाटेनं जहाज आपटलं ते नेमकं वायूच्या नळावर. भडका उडाला आणि दोनेक तासांत प्लॅटफॉर्म संपला. ३६२ जणांना वाचवलं, २२ जण गेले. सुरुवात काय, तर स्वयंपाकघरातली एक जखम.

३ सप्टेंबर २०१९, सकाळी. उरणच्याच प्रकल्पात आग लागली. चौघे गेले, त्यातले तिघे औद्योगिक सुरक्षा दलाचे आग विझवायला धावलेले जवान. त्या दिवशी वायू गुजरातेत हझिऱ्याकडं वळवला आणि मुंबईतल्या सीएनजी पंपांवर दाब कमी झाला. बहुतेकांना उरणची बातमी पंपावरच्या रांगेतूनच कळली असणार.

मे २०२१, तौक्ते वादळ. तेलक्षेत्रात कामावर असलेल्या कामगारांचा पी-३०५ हा बार्ज बुडाला. त्यावर २६१ माणसं होती. सत्तरच्या आसपास परत आली नाहीत.

आता हिशोब. बॉम्बे हायनं देशाला दिलं किती? १९८५ च्या मार्चमध्ये तिथून दिवसाला सुमारे चार लाख सत्तर हजार पिंपं निघत होती. त्या सुमाराला देशाची साधारण सत्तर टक्के गरज देशातल्याच तेलातून भागायची. १९७३ च्या बैलगाडीपासून बारा वर्षांत! आज त्याच क्षेत्रातून दिवसाला सव्वा-दीड लाखाच्या दरम्यान पिंपं निघतात, देशाची भूक कितीतरी वाढली, आणि आपण पुन्हा पंच्याऐंशी टक्क्यांहून जास्त तेल बाहेरून आणतो. जुन्या खडकातलं उरलेलं तेल काढायला ओएनजीसीनं २०२५ मध्ये ब्रिटिश कंपनी बीपीची तांत्रिक मदत घेतली. आणि आपलं सागर सम्राट? भंगारात नाही गेलं. त्याचं रूप बदलून २०२२ च्या अखेरीस ते तेल काढणारं केंद्र म्हणून पुन्हा समुद्रात कामाला लागलं. पन्नाशीत नवी नोकरी.

मला वाटतं, आपण इतिहास शिकतो तेव्हा शोध लागला तो दिवस पाठ करतो. १९७४, सागर सम्राट, एक गुण. तेल किनाऱ्याला लागलं त्या गावाचं नाव विचारत नाही. बॉम्बे हायची अर्धी गोष्ट समुद्रात घडली, अर्धी उरणमध्ये. शेतं दिली ती माणसं, आगीत गेले ते जवान, नोकरीसाठी अजून खेटे घालणारी पोरं, ही सगळी त्या दुसऱ्या अर्ध्यात आहेत. अण्णांची छाती वाचली, आज्जीची चूल विझली, त्याच्या पावतीवर त्यांचीही नावं हवीत.

उरणहून आल्यावर आज्जीला फोनवर सगळं सांगितलं. तिनं शांतपणे ऐकलं. मग विचारलं, "त्या लोकास्नी गॅस तरी फुकट मिळतो का रं?"

म्हटलं, नाही आज्जी. त्यांनाही आपल्यासारखाच नंबर लावावा लागतो.

"आसं कसं?" म्हणाली.

मंडळी, याचं उत्तर माझ्याकडं नव्हतं. तुमच्या घरात एक रुपयाची नोट सापडली तर उलटी करून बघा, आणि जमलं तर घरातल्या मोठ्यांना विचारा, गॅसचा नंबर कधी लागला होता. तुमच्या आठवणी आवाज रेकॉर्ड करून पाठवा, पुढच्या भागात ऐकवीन. उरण-पनवेलकडचे कोणी असाल तर जरूर पाठवा, मी एका रविवारात बघितलं तेवढंच सांगितलंय, तुम्ही तिथं राहता.

भेटू पुढच्या भागात. तोवर काळजी घ्या, आणि गॅसचा खटका रात्री बंद करायला विसरू नका!